शेजारच्या बाकावरचा योगायोग

१८९२ मध्ये टिळक मुंबईहून पुण्याला परतत होते. व्हिक्टोरिया टर्मिनसवर त्यांच्या डब्यात एक तरुण संन्यासी चढला. त्याला पोचवायला आलेल्या काही गुजराती गृहस्थांनी दोघांची ओळख करून दिली आणि स्वामींनी पुण्यात टिळकांकडेच उतरावं, असं सुचवलं. त्याप्रमाणे हा पाहुणा त्यांच्याकडे आठ-दहा दिवस राहिला. नाव विचारलं तर आपण संन्यासी आहोत, एवढंच सांगायचा. जवळ एक मृगाजिन, एक-दोन वस्त्रं आणि कमंडलू. पैसा म्हणून नाही. गीता माणसाला कर्म सोडायला सांगत नाही, फळाची आस सोडून कर्म करायला सांगते, यावर यजमान आणि पाहुणा यांचं जमलं. मग पाहुणा निघून गेला. शिकागोची सर्वधर्म परिषद गाजल्यानंतर वर्तमानपत्रातलं छायाचित्र पाहून टिळकांना शंका आली. त्यांनी पत्र घालून विचारलं आणि उत्तर आलं, होय, तो मीच. विवेकानंदांची ही आठवण टिळकांनीच सांगून ठेवली आहे.

प्रवासातल्या योगायोगांच्या गप्पा निघाल्या की अशा गोष्टी हटकून निघतात आणि त्यांवर 'ऋणानुबंध' म्हणून पडदा पडतो. मला हा पडदा थोडा सरकवून पाहावासा वाटतो. दोन अनोळखी माणसं एका डब्यात आली, हा योगायोग खराच. पण पोचवायला आलेल्यांनी ओळख करून दिली नसती, तर दोघे पुण्याच्या फलाटावर उतरून आपापल्या वाटेने गेले असते. पंचांगातला योग आणि माणसाची उठाठेव, असे दोन भाग त्यात आहेत. पहिला आपल्या हातात नाही. दुसऱ्याकडे मात्र आपण फारसं लक्ष देत नाही.

विवेकानंदांचाच पुढच्या वर्षीचा प्रवास पाहिला, तर हा दुसरा भाग किती मोठा असतो ते कळतं. ३१ मे १८९३ रोजी ते मुंबईहून बोटीने निघाले. जपानमध्ये योकोहामाला बोट बदलली. व्हँकूव्हरला जाणाऱ्या त्या बोटीवर जमशेटजी टाटा होते. दोघांत बोलणं झालं, आणि ते टाटांच्या मनात राहिलं. पाच वर्षांनी, नोव्हेंबर १८९८ मध्ये, टाटांनी स्वामींना पत्र लिहून त्या सहप्रवासाची आठवण दिली आणि आपल्या विज्ञानसंस्थेच्या योजनेसाठी त्यांची साथ मागितली. स्वामी स्वतः त्या कामात उतरले नाहीत. संस्था १९०९ मध्ये बंगळुरूला उभी राहिली.

व्हँकूव्हरला बोटीतून उतरून स्वामी आगगाडीने शिकागोच्या दिशेने निघाले. कॅनडातल्या या गाडीत केट सॅनबॉर्न नावाच्या लेखिकेशी त्यांचं बोलणं झालं. मॅसॅच्युसेट्समध्ये तिचं शेत होतं. कधी आलात तर या, म्हणून तिने पत्ता दिला. असे पत्ते प्रवासात नेहमीच दिले-घेतले जातात आणि बहुतेक खिशातच विरतात. पण शिकागोला पोचल्यावर स्वामींना कळलं, की परिषद सप्टेंबरमध्ये आहे, प्रतिनिधी म्हणून यायला एखाद्या मान्यवर संस्थेची शिफारस लागते, आणि नावनोंदणीची मुदतही उलटून गेली आहे. शहर महाग, जवळचे पैसे आटत चाललेले. बॉस्टनकडे राहणं स्वस्त पडेल असं ऐकून ते तिकडे वळले, आणि तेव्हा तो पत्ता उपयोगी पडला. सॅनबॉर्नबाईंनी त्यांना घरी ठेवून घेतलं. त्यांच्याच ओळखीतून हार्वर्डचे ग्रीकचे प्राध्यापक जॉन हेन्री राइट भेटले आणि राइटांनी परिषदेच्या लोकांना पत्र लिहून शिफारशीचा प्रश्न सोडवला.

इथे एखाद्या कादंबरीकाराने हात आखडता घेतला असता. पण प्रत्यक्षात आणखी एक गाठ उरली होती. शिकागोला परतताना परिषदेच्या समितीचा पत्ताच स्वामींकडून हरवला. रात्र त्यांनी रेल्वेच्या मालधक्क्यावर काढली. सकाळी घरोघर चौकशी करत हिंडले, अनेक दारांवरून हाकलले गेले, आणि थकून रस्त्याच्या कडेला बसले. समोरच्या घराचं दार उघडून एक बाई आल्या आणि त्यांनी विचारलं, आपण परिषदेचे प्रतिनिधी का? त्या श्रीमती हेल. त्यांनी स्वामींना घरात नेलं, खाऊपिऊ घातलं, मग स्वतः परिषदेच्या कार्यालयात पोचवलं. ११ सप्टेंबरचं भाषण त्यानंतरचं.

या साखळीची प्रत्येक कडी बारीक आहे. कुणी ओळख करून दिली, कुणी पत्ता लिहून दिला, कुणी दार उघडून एक प्रश्न विचारला. आणि स्वामींच्या बाजूनेही काही होतं. ते दिसायला वेगळे होते, बोलायला तयार होते, आणि ठरलेला बेत मोडला तर दुसरीकडे वळायला मोकळे होते. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं आगाऊ बुकिंग हातात असलेला माणूस बॉस्टनला कशाला गेला असता?

शंकेखोर वाचक इथे म्हणेल, ज्यांच्यासाठी कुणीच दार उघडलं नाही, त्यांच्या गोष्टी आपल्याला कुठे ठाऊक आहेत? हा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचं उत्तर गणिताकडे आहे.

जुन्या पद्धतीच्या शयनयान डब्यात ७२ बर्थ असतात. ७२ माणसांतून दोघा-दोघांच्या जोड्या काढल्या तर त्या २,५५६ होतात. त्यांतल्या कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता ९९.९ टक्क्यांहून अधिक आहे. खरं तर २३ माणसं जमली, तरी ही शक्यता निम्म्याच्या पुढे जाते. मात्र उरलेल्या ७१ जणांत कुणीतरी नेमक्या माझ्या तारखेला जन्मलेला असेल, याची शक्यता १८ टक्क्यांच्या आसपासच. आपली गफलत होते ती इथे. आपण विचार करतो स्वतःपुरता आणि चकित होतो सगळ्या डब्याच्या हिशेबाने घडलेल्या गोष्टीने. शिवाय वाढदिवस ही जुळण्यासारखी एकच बाब झाली. गाव, शाळा, आडनाव, नोकरीचं खातं, सासुरवाडी, एकाच दवाखान्यात झालेलं ऑपरेशन, अशा शेकडो बाबी असतात. आठ जणांच्या एका कप्प्यात जोड्या २८, आणि प्रत्येक जोडीला जुळायला शेकडो निमित्तं. काहीच जुळलं नाही तर नवल मानायला हवं.

पर्सी डायकोनिस आणि फ्रेडरिक मॉस्टेलर या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये योगायोगांवर एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की नमुना पुरेसा मोठा असेल तर कितीही अचाट गोष्ट कुठे ना कुठे घडणारच. (डायकोनिसने हे लिहावं यात गंमत आहे. तो चौदाव्या वर्षी घर सोडून एका नामांकित जादूगाराबरोबर गावोगाव हिंडत होता. पत्ते कसे पडतात आणि कसे पाडले जातात, हे तो आधी हाताने शिकला, गणित नंतर.) भारतीय रेल्वेने रोज दोन कोटींच्या आसपास प्रवासी जातात. एखादी गोष्ट दहा लाखांत एकाच्या वाट्याला येणारी असेल, तर ती रोज वीस जणांच्या वाट्याला येणार. ते वीस जण घरी जाऊन ती सांगणार. उरलेल्या जवळजवळ दोन कोटींना सांगण्यासारखं काही नसतं, म्हणून ते गप्प राहतात.

अभिनेता अँथनी हॉपकिन्सचा किस्सा या हिशेबात बसवून पाहावा. जॉर्ज फायफरच्या 'द गर्ल फ्रॉम पेत्रोव्का' या कादंबरीवरच्या चित्रपटात त्याला काम मिळालं. कादंबरी वाचावी म्हणून तो लंडनची पुस्तकांची दुकानं पालथी घालून रिकाम्या हाताने परत निघाला, तर लेस्टर स्क्वेअरच्या भुयारी स्थानकातल्या बाकावर तेच पुस्तक कुणी विसरून गेलेलं. एवढ्यावर गोष्ट संपत नाही. पुढे लेखक भेटला तेव्हा तो म्हणाला, माझ्या स्वतःच्या प्रतीत मी खुणा-टिपणं केली होती, ती एका मित्राला दिली आणि त्याने ती लंडनमध्ये हरवली. हॉपकिन्सच्या हातातल्या प्रतीत टिपणं होतीच. हा किस्सा हॉपकिन्सने स्वतः सांगितलेला आहे आणि तो ऐकून अंगावर काटा येतो, हे मी नाकारणार नाही. पण त्याच वर्षी किती जणांना हवं ते पुस्तक बाकावर मिळालं नाही, याची मोजदाद कोण ठेवणार?

म्हणजे गणिताने सगळी गंमत घालवली का? मला तसं वाटत नाही. अशा गोष्टी कुणाच्या तरी वाट्याला का येतात, हे गणित सांगतं. काहींच्या वाट्याला त्या पुन्हा पुन्हा का येतात, हे मात्र ते सांगत नाही. जुळणारी जोडी डब्यात आहेच. पण दोघे बोललेच नाहीत तर ती जुळली हे कळणार कसं?

इथे आपल्याकडची जुनी चौकशी कामाला येते. गाडी सुटून दोन स्टेशनं जात नाहीत तोच सुरू होतं, "कुठले तुम्ही?" "साताऱ्याचे." "साताऱ्यात कुठे?" मग आडनाव. "जोशी म्हणजे कुठले जोशी?" मग काय करता, मुलं कुठे असतात, आणि शेवटी, "मग तुम्ही आमच्या अमक्याला ओळखत असाल!" शहरी माणसाला हा भोचकपणा वाटतो, आणि त्यात जात काढायचा डाव अनेकदा असतोच; तो ओळखून लोक मोघम उत्तर देतात हेही खरं. तो भाग सोडून नुसती पद्धत पाहिली, तर ती मोठी नामी आहे. गाव, आळी, आडनाव, नोकरी अशी एकेक चाळण लावत दोन अनोळखी माणसं आपल्यातला समाईक दुवा शोधत असतात.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅमने १९६० च्या दशकात हेच टपालाने करून पाहिलं. काही लोकांकडे त्याने एकेक पाकीट दिलं. ते पोचवायचं होतं बॉस्टनजवळ राहणाऱ्या एका शेअर दलालाला, पण थेट नाही. प्रत्येकाने ते फक्त आपल्या ओळखीच्या, दलालाच्या जरा जवळ असेल अशा माणसाकडे सरकवायचं. २९६ पाकिटांपैकी ६४ पोचली, आणि पोचलेल्यांना मध्ये सरासरी पाचच माणसं लागली. जग लहान आहे, असा याचा डांगोरा पिटला गेला. उरलेली सव्वादोनशेहून जास्त पाकिटं वाटेतच राहिली. ती बहुतेक कुणाच्या तरी टेबलावर पडून राहिली, कारण पुढे सरकवायचा कुणाला उत्साह नव्हता. दुवे असणं आणि दुवे वापरले जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि अनोळखी माणसाचा दुवा जवळच्यापेक्षा अनेकदा जास्त कामाचा असतो. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटरने १९७३ मध्ये हे दाखवलं. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारलं, की ज्याने माहिती दिली तो तुम्हाला किती वेळा भेटायचा? नेहमी भेटणारा, असं सांगणारे १७ टक्क्यांच्या आत निघाले. बाकीच्यांचा माहितगार अधूनमधून किंवा क्वचितच भेटणारा होता. कारण साधं आहे. घरच्यांना आणि मित्रांना जे ठाऊक असतं ते बहुतेक आपल्यालाही ठाऊक असतं. हार्वर्डचा प्राध्यापक स्वामींच्या कलकत्त्याच्या स्नेह्यांपैकी कुणाच्या ओळखीत असणार? तो आगगाडीत भेटलेल्या बाईंच्या ओळखीत होता.

माणसं भेटण्याखेरीज प्रवासात आणखी एक गोष्ट घडते. नवी दृश्यं दिसतात, आणि काही डोळे त्यांवर अडकतात. १९२१ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन पहिल्यांदाच परदेशी गेले होते, ऑक्सफर्डच्या विद्यापीठ परिषदेला. परतीच्या वाटेवर 'नारकुंडा' बोटीच्या डेकवरून त्यांना भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग दिसला. तो त्याच बोटीवरच्या शेकडो लोकांनाही दिसत होता. समुद्राची निळाई म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब, हे लॉर्ड रॅले यांचं मत तेव्हा प्रमाण होतं. रामन यांच्याजवळ मात्र एक निकोल प्रिझम होता. पाण्यावरून विशिष्ट कोनात परावर्तित होणारा प्रकाश त्यातून पाहताना अडवता येतो. त्यांनी आकाशाचं प्रतिबिंब असं पुसून पाहिलं, तर निळाई नाहीशी व्हायच्या ऐवजी आणखी खुलली. म्हणजे रंग पाण्याच्या रेणूंनी विखुरलेल्या प्रकाशाचा होता. बोट मुंबई बंदरात लागली तेव्हा 'नेचर'ला पाठवायचं टिपण तयार होतं. प्रकाशाच्या विकिरणाचा हा नाद पुढे २८ फेब्रुवारी १९२८ च्या 'रामन परिणामा'पर्यंत आणि १९३० च्या नोबेलपर्यंत गेला. बोटीच्या प्रवासात खिशात निकोल प्रिझम ठेवणारा माणूस किती जणांनी पाहिला असेल? (आणखी एक गंमत: टाटांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या बंगळुरूच्या संस्थेचे पहिले भारतीय संचालक १९३३ मध्ये रामन झाले. याला योगायोग म्हणावा असं मला वाटत नाही. तेव्हा देशात विज्ञानाची दारंच मोजकी होती.)

उज्जैनचे विष्णू श्रीधर वाकणकर, म्हणजे हरिभाऊ, यांचंही असंच. १९५७ मध्ये भोपाळच्या बाजूने रेल्वेने जाताना त्यांना खिडकीतून टेकडीवरचे प्रचंड खडक दिसले. तिथे जाऊन पाहिलं तर गुहांच्या भिंतींवर चित्रं. ती भीमबेटका. सातशेहून जास्त शैलाश्रयांचा हा परिसर २००३ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. त्या खिडकीतून ते खडक रोज किती प्रवासी पाहत होते! वाकणकर आधीपासून शैलचित्रांच्या मागावर होते, म्हणून त्यांना त्यात आणखी काही दिसलं.

याच्या अगदी उलट टोकाला जॉन स्मिथ. २८ एप्रिल १८१९ रोजी हा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने वाघूर नदीच्या खोऱ्यात आला आणि अजिंठ्याची लेणी त्याच्या नजरेला पडली. आसपासच्या गावकऱ्यांना ती ठाऊक होतीच. बाहेरच्या जगाला त्यानंतर कळली. एवढा मोठा योगायोग वाट्याला आल्यावर स्मिथने काय केलं? दहाव्या लेण्यात दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या चित्रकामावर आपलं नाव आणि तारीख कोरली. ती अक्षरं आजही तिथे आहेत, माणसाच्या डोक्याच्या वर, कारण तेव्हा लेण्यात साचलेल्या मातीच्या ढिगावर तो उभा होता. घबाड कुणाच्या हाती लागावं, यात न्याय नसतो.

अशा योगायोगांना आपण 'सुखद' म्हणतो; आता त्या विशेषणाबद्दल. वरसईच्या विष्णुभट गोडशांना १८५७ मध्ये कुणी विचारलं असतं, तर त्यांनी आपल्या प्रवासाला सुखद म्हटलं नसतं. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, घरचं कर्ज फिटेल, या आशेने ते काकांबरोबर उत्तरेला निघाले. वाटेत महूच्या आसपास बंडाची कुणकुण लागली. परत फिरावं की पुढे जावं, यावर खल झाला आणि ते पुढे गेले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते झाशीतच होते. मिळालेले पैसे लुटले गेले. घरी परतले ते गंगेची कावड घेऊन, आणि त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातलं. हिशेबाच्या वहीत हा प्रवास तोट्याचाच. पण चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून त्यांनी तो लिहून काढला आणि १९०७ मध्ये 'माझा प्रवास' छापून आलं. झाशीचा वेढा आतून पाहिलेल्या मराठी माणसाचा दुसरा असा वृत्तांत आपल्याकडे नाही. प्रवासातला एखादा प्रसंग भाग्याचा होता की फजितीचा, हे अनेकदा तो सांगायला बसल्यावरच ठरतं. गाडी चुकली, भलत्या स्टेशनावर रात्र काढली, आणि तिथल्या चहावाल्याने आपली चादर दिली, हे घडताना वैतागच असतो.

आज अशी संधी कमी होत चालली आहे का? हो, असं मला वाटतं, आणि दोष निव्वळ मोबाइलचा नाही. आरक्षण पक्कं, रस्ता नकाशावर, जेवण सीटवर, राहण्याची खोली आठवडाभर आधी ठरलेली. विचारपूस करायला कारणच उरत नाही. त्यात कानात इअरफोन. निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याच बाबतीतला आहे, आणि तो शिकागोच्याच उपनगरी गाड्यांत झाला. काही प्रवाशांना सांगितलं, आज शेजाऱ्याशी बोला. काहींना सांगितलं, एकटे गप्प बसा. काहींना म्हटलं, रोजच्यासारखं करा. प्रवास सर्वांत छान गेला तो बोलणाऱ्यांचा. पण काय होईल असं वाटतं, एवढंच ज्यांना विचारलं, त्यांचा अंदाज नेमका उलटा होता. अनोळखी माणसाशी बोललो तर प्रवास वाईट जाईल, अशी त्यांची खात्री होती. त्यामागचं एक कारण संशोधकांना सापडलं. बोलायला आपली ना नाही, पण समोरच्याला नको असेल, असं प्रत्येकाला वाटत होतं.

अनोळखी माणसाशी बोलण्याचा एक जास्तीचा फायदा जर्मन विचारवंत गेओर्ग झिमेल यांनी १९०८ मध्येच टिपला होता. जवळच्यांपासून लपवून ठेवलेल्या गोष्टी लोक परक्याला सांगून टाकतात, कारण तो उद्या इथे नसणार. लांब पल्ल्याच्या गाडीत रात्री अकरानंतर ऐकू येणाऱ्या गप्पा ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना याला पुरावा लागणार नाही.

आपल्या गाड्यांत मात्र एक दार अजून बंद झालेलं नाही. साठीच्या पुढचे पुरुष आणि पंचेचाळिशीच्या पुढच्या बायका यांना खालचा बर्थ द्यायची सोय रेल्वेच्या संगणकात आहे, पण बर्थ शिल्लक असतील तरच. त्यामुळे प्रत्येक डब्यात कुणीतरी वरचा बर्थ मिळालेल्या आजी असतात आणि त्यांचा मुलगा इअरफोन लावलेल्या तरुणाच्या खांद्याला हात लावून विचारतो, "दादा, आईचे गुडघे दुखतात, खालचा बर्थ देता का?" दादा कानातलं काढतो, हो म्हणतो, बॅग उचलतो. मग आजी विचारतात, "तुम्ही कुठले?"